सातव्या चुलीचा हंडा

पूर्वी शालिवती नगरात सोमक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्यात नव्हे, तर समुद्रापलीकडच्या रत्नकच्छ बंदरात, सावकारांच्या एका घराण्यात जन्मला होता. त्याचे नाव अनुराध. रत्नकच्छच्या सावकारांची मोठी श्रेणी, म्हणजे संघ, होता आणि तो देशोदेशींच्या राजांना सोने कर्जाऊ देत असे. अनुराध त्या श्रेणीचा परीक्षक होता. एखाद्या राजाला नवे कर्ज द्यावे की नाही, द्यायचे तर गहाण काय घ्यावे, हे तो त्या देशात जाऊन पाही. त्याची मुद्रा उमटल्यावाचून कोणताही करार पुरा होत नसे.

शालिवतीचा कोषमंत्री गोभिल हा वृद्ध ब्राह्मण होता. त्याला सगळे आचार्य म्हणत. तारुण्य तक्षशिलेत घालवून त्याने व्याकरण, दंडनीती आणि काव्यशास्त्र यांचा अभ्यास केला होता, आणि राजघराण्याच्या प्रशस्तीवर, म्हणजे स्तुतिकाव्यावर, त्याने लिहिलेले भाष्य नगरातले विद्यार्थी पाठ करीत. इतके असून स्वतःच्या कोणत्याच वाक्यावर त्याचा पुरता विश्वास नसे. सभेत एखादी गोष्ट ठामपणे सांगून तो घरी आला, की पाय धुता धुताच त्याला वाटू लागे, आपण उलटे तर सांगितले नाही ना.

त्याची पत्नी धारिणी म्हणे, "सूर्य उगवला असं तुम्ही म्हणालात, तरी एकदा अंगणात जाऊन बघून येता."

"ढग असले तर?" गोभिल म्हणे. तो हे थट्टेने म्हणत नसे.

त्या वर्षी गोभिलाला काळजी करायला खरेच कारण होते. शालिवतीचे रत्नकच्छकडचे कर्ज फार जुने होते. एका राजाने कालव्यासाठी सोने घेतले. त्याच्या मुलाने युद्धाचे हत्ती घेतले. नातवाने पांढऱ्या दगडाचा महाल बांधला. पुढच्याने आधीच्यांचे कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढले, आणि ते फेडण्यासाठी त्याच्या पुढच्याने. दर खेपेस एकेक अट वाढत गेली. आधी नदीवरच्या घाटाची जकात गेली, मग मिठाचा कर गेला. मग कोषागारात श्रेणीचा एक अधिकारी कायमचा येऊन बसला. सोमक राजाच्या वडिलांच्या काळात श्रेणीने कळवले की राज्याचा खर्च फार आहे, तो कमी करावा. तेव्हा नगराचे अन्नछत्र बंद झाले.

मुद्दलाखेरीज दर वर्षी सुगीनंतर जे जास्तीचे सोने जहाजाने जाई, त्याला दोन्ही देशांत शीग म्हणत. धान्याचे माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग चढवतात, तीच ही शीग. शीग भरण्यातच राज्याचा जीव इतका दमे, की खालचे माप, म्हणजे मुद्दल, होते तेवढेच राही.

यंदा पाऊस अवेळी पडला आणि शीग भरण्यापुरतेही सोने जमले नाही. कोषागारात बसणारा श्रेणीचा अधिकारी बल्लव याने तोड सुचवली. नवे कर्ज घ्या आणि चंद्रसर तळ्याच्या दारांच्या किल्ल्या गहाण ठेवा. शालिवतीची सगळी भातशेती त्या तळ्यावर होती. किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्या मर्जीने पाणी सुटणार. करारावर कार्तिकी पौर्णिमेला मुद्रा उमटायची होती आणि कराराचा मसुदा गोभिलाने स्वतः, चांगल्या भाषेत, लिहिला होता. करार झाला तर पाणी जाणार. नाही झाला तर रत्नकच्छची जहाजे येणे थांबणार, मीठ आणि लोखंड मिळणार नाही. दोहोंतले अधिक वाईट कोणते, हे त्याला ठरवता येत नव्हते. जेवायला बसला की घास हातातच राही.

पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना अनुराध येऊन पोचला. तो तरुणही नव्हता आणि वृद्धही नव्हता. त्याने राजवाड्यातला पाहुणचार नम्रपणे नाकारला.

"कर्जदाराच्या महालात राहिलं की नुसता महालच दिसतो," तो म्हणाला. "आचार्यांची हरकत नसेल तर मी त्यांच्या घरी उतरतो."

गोभिलाला वाटले, आता हा कोठारे उघडायला सांगेल, गुरे मोजेल, तळ्याच्या दारांचे लाकूड नखाने खरवडून पाहील. आधीचे परीक्षक तसेच करीत. अनुराधाने मात्र पहिल्याच दिवशी राजाला नमस्कार करून एकच गोष्ट विचारली.

"महाराज, पहिलं कर्ज कशासाठी घेतलं होतं?"

राजा सोमक मनाने सरळ होता आणि थोडा आळशी होता. तो म्हणाला, "आमच्या घराण्यात तीन गोष्टी वारशाने येतात. सिंहासन, गुडघेदुखी आणि रत्नकच्छचं कर्ज. पहिल्या दोहोंचं मूळही मला कोणी सांगितलेलं नाही. आचार्यांना विचार."

"कालव्यासाठी," गोभिल म्हणाला.

"कालव्याच्या राजाने श्रेणीकडे माणूस पाठवून सोनं मागवलं?"

"तसंच असणार," गोभिल म्हणाला, आणि म्हणताक्षणीच आपल्याला हे कुठून कळले, याचा विचार करू लागला. ते त्याने कुठेही वाचले नव्हते. कोणी सांगितलेही नव्हते. सगळेच तसे धरून चालले होते.

बल्लव बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "परीक्षक, तुला मोजायला पाठवलंय, विचारायला नाही."

"मोजता मोजता प्रश्न पडला तर?"

"तर मोजणी चुकते. मी इतकी वर्षं इथे आहे. मला एकही प्रश्न पडलेला नाही."

"म्हणूनच तुमची मोजणी इतकी चोख असते," अनुराध म्हणाला. यात टोमणा आहे की स्तुती, हे बल्लवाला कळले नाही. गोभिलालाही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोभिल आणि पाहुणा ओसरीवर बसले होते. शेजारची मालिनी आली. धारिणीने आदल्या दिवशी तिच्याकडे वाडग्यातून खीर पाठवली होती, तो वाडगा परत करायला ती आली होती. वाडग्यात मूठभर बोरे होती. धारिणीने बोरे सुपात ओतली आणि दोघी विहिरीच्या दोराबद्दल बोलू लागल्या. अनुराध त्या वाडग्याकडे पाहत राहिला. मालिनी गेल्यावर त्याने विचारले,

"वहिनी, बोरं कशाबद्दल? खिरीची किंमत म्हणून?"

"इश्श, खिरीची किंमत कोण करतं?" धारिणी म्हणाली. "वाडगा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून."

"किती घालायचं, हे ठरलेलं असतं का?"

"हाताला लागेल तेवढं. बोरं नसती तर तिने गुळाचा खडा घातला असता."

"आणि पुढच्या वेळी तुम्हीच म्हणालात, की बाई, गेल्या वेळी मूठभर होती, यंदाही मूठभर पाहिजेत?"

धारिणी हसली. "मग ती माझ्याकडची खीर घ्यायचीच बंद होईल. पाहुण्यांच्या देशात काय करतात?"

"आमच्याकडे वाडगा देतानाच लिहून घेतात," अनुराध म्हणाला.

धारिणी सूप उचलून आत गेली. अनुराध गोभिलाकडे वळला.

"आचार्य, शीग कोणी ठरवली?"

"करारात आहे."

"आज करारात आहे. पहिल्यांदा कोणी चढवली? तुमच्या राजाने की आमच्या श्रेणीने?"

गोभिल म्हणाला, "शीग हा शब्द शेतकऱ्याचा आहे. सावकाराचा नाही. सावकार माप काठाशी सपाट करून घेतो. मी हे आजवर..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

अनुराध म्हणाला, "मी तुम्हाला एक सांगतो. कोणाला सांगितलं की हसतात. आमच्या सभागृहात उंच बैठकीवर तांब्याचा एक प्रचंड हंडा ठेवलेला आहे. आम्ही त्याला आदिपात्र म्हणतो. श्रेणीत येणारा माणूस त्यावर हात ठेवून शपथ घेतो. सणाला त्याला हार घालतात. आणि शालिवतीचं सोनं तेवढं त्यात ओततात, दुसऱ्या कोणत्याही देशाचं नाही. लहानपणी खेळता खेळता मी त्या बैठकीखाली शिरलो. बैठक मधे पोकळ आहे, खालून हंड्याचं बूड दिसतं. बुडाला काजळी होती, बोटभर जाड. मी बाबांना विचारलं, बाबा, आपण सोनं शिजवतो का? त्यांनी माझा कान पिळला."

"मग?"

"मग कान दुखायचा थांबला. प्रश्न तसाच राहिला. शालिवतीला परीक्षक पाठवायचा म्हटल्यावर मी आपण होऊन पुढे झालो, ते त्याच्यापायी."

गोभिलाला या माणसाविषयी एकाएकी आपलेपणा वाटला. आपल्यासारखाच कोणी एखाद्या गोष्टीपाशी अडून बसतो, आणि तरीही त्याला त्याची लाज वाटत नाही, हे त्याने प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोभिल त्याला तळे दाखवायला निघाला. वाटेत अनुराध म्हणाला, "तळं पुष्कळांनी पाहिलंय. आमच्या सांगण्यावरून तुम्ही जे बंद केलंत, ते मला दाखवा."

अन्नछत्र नगराच्या पूर्व दरवाज्याजवळ होते. कुलूप गंजले होते आणि किल्ली फिरवता फिरवता गोभिलाच्या बोटाला लागले. आत लांबच लांब पडवी होती. छपरातून उन्हाचे कवडसे खाली आले होते. एका रांगेत सात चुली होत्या, प्रत्येकीला पुरुषाच्या गुडघ्याएवढे तीन दगड. चुलींशेजारी तांब्याचे हंडे उपडे घातले होते. एकेका हंड्यात माणूस बसू शकेल एवढे ते मोठे होते. गोभिलाने आत वास घेतला. इतक्या वर्षांनीही तिथे भाताच्या पेजेचा वास येतो की आपल्याला तसे वाटते आहे, हे त्याला ठरवता येईना.

अनुराध रांगेच्या टोकाला जाऊन थांबला.

"चुली सात आहेत," तो म्हणाला. "हंडे सहा."

"एखादा मोडीत गेला असेल," गोभिल म्हणाला. "किंवा चोरीला."

"एवढा हंडा चोरायला चोराला आधी बैलगाडी चोरावी लागेल."

असे म्हणून अनुराध सरळ धुळीत बसला. परीक्षकाचे स्वच्छ उपरणे मळले, तिकडे त्याचे लक्ष नव्हते. त्याने एका हंड्याचा काठ चाचपला. काठाला दोरखंडासारखा पीळ घातलेला होता. मग त्याने वर आलेल्या बुडावरून तळवा फिरवला. काजळीचा जाड थर होता, आणि त्या काळ्या थरात तीन जागा स्वच्छ होत्या, जिथे चुलीचे दगड टेकत तिथे. अनुराध बराच वेळ त्या तीन जागांकडे पाहत बसला.

"आचार्य," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या आदिपात्राच्या काठाला असाच पीळ आहे. बुडाला असेच तीन उजळ डाग आहेत. सोन्याच्या भांड्याला चुलीचे डाग कशाला पडावेत?"

गोभिल सातव्या चुलीच्या दगडावर बसला. शरदात भाट राजघराण्याची प्रशस्ती म्हणत, ती त्याच्या कानात आपोआप सुरू झाली होती. त्यात सोमकाच्या एका पूर्वजाविषयी म्हटले होते, की त्याच्या पंगती समुद्रापलीकडे बसल्या. आणि पुढे म्हटले होते, की त्याने अन्नाचे मोल घेतले नाही, आलेले सोने शीग चढवून परत पाठवले. गोभिलाने हे अनुराधाला म्हणून दाखवले.

"यावर कोणी काही लिहिलंय का?" अनुराधाने विचारले.

"मीच लिहिलंय," गोभिल म्हणाला. "मी लिहिलं की ही अतिशयोक्ती आहे. राजांच्या पंगतींविषयी कवी असंच बोलतात. आज विद्यार्थी अतिशयोक्तीचं उदाहरण म्हणून हेच पाठ करतात."

"आणि ती अतिशयोक्ती नसेल तर?"

त्या पडवीत बसून गोभिलाला गोष्ट एकेका पावलाने दिसू लागली होती, आणि दिसेल तशी तो ती सांगत गेला. रत्नकच्छात कधी तरी दुष्काळ पडला असणार. त्या बंदराला स्वतःची शेती नाही. शालिवतीच्या राजाने तांदळाची जहाजे पाठवली असणार, आणि नुसते तांदूळ नव्हे, तर शिजवणारी माणसे आणि हा हंडाही. पुढे दिवस पालटल्यावर रत्नकच्छच्या लोकांनी कृतज्ञतेने सोने पाठवले. शालिवतीत भुकेल्याला दिलेल्या अन्नाचा पैसा घेणे हे पाप. पण आलेली भेट तोंडावर परत फेकणे हाही अपमान. तेव्हा राजा म्हणाला असेल, आम्ही हे उसने म्हणून ठेवून घेतो. त्याने कालवा काढला आणि सोने थोडे थोडे परत करू लागला. आणि भांडे रिकामे परत जात नाही, म्हणून प्रत्येक खेपेस वर थोडी शीग.

"दोन्हीकडची माणसं सभ्यपणा करत होती," गोभिल म्हणाला. "मग ती माणसं वारली. मागे राहिलेल्यांनी शीग मोजून ठेवली."

"आणि मोजलेली मागायला सुरुवात केली," अनुराध म्हणाला.

"पण मला खात्री नाही. हे सगळं मी जुळवतोही असेन."

"मलाही खात्री नाही, आचार्य. पण तुमची शंका आणि माझी शंका दोन देशांतून निघून एकाच चुलीपाशी आल्या आहेत. एवढं मला पुरेसं वाटतं."

पौर्णिमेच्या दिवशी सभा भरली. करार चौरंगावर ठेवला होता आणि शेजारी तळ्याच्या किल्ल्या, लाल कापडात गुंडाळलेल्या. बल्लवाने मुद्रेसाठी लाख वितळवून तयार ठेवली होती. तेव्हा गोभिल उठला. त्याचा आवाज सुरुवातीला कोणालाच ऐकू गेला नाही.

"महाराज, मला खात्री नाही," त्याने सुरुवात केली.

राजा म्हणाला, "आचार्य, तुम्हाला खात्री नसते हे आम्हाला ठाऊक आहे. पुढे बोला."

गोभिलाने हंड्याचे, पंगतींचे, शिगेचे सगळे सांगितले. आपले भाष्य चुकीचे असू शकते, हेही सांगितले. आपण आता जे म्हणतो आहोत तेही चुकीचे असू शकते, असे सांगायला तो विसरला नाही. सभेत कुजबुज झाली. राजा प्रथमच सिंहासनावर सरळ होऊन बसला.

बल्लवाने शांतपणे ऐकून घेतले. तो दुष्ट नव्हता. त्याला नेमलेले काम तो मन लावून करी. तो म्हणाला, "गोष्ट छान आहे. आता आचार्यांनी एवढंच सांगावं, की युद्धाचे हत्ती घेतले तेही अन्नदान होतं का? पांढऱ्या दगडाच्या महालात कोणत्या भुकेल्याची पंगत बसते?"

सभेतले काही जण हसले. गोभिल खाली पाहू लागला. असे कोणी विचारील, हे त्याला सुचले नव्हते. आपण उठलोच कशाला, असे त्याला झाले.

तेव्हा अनुराध म्हणाला, "बल्लव बरोबर बोलतात. हत्ती आणि महाल हे कर्जच आहे. हौसेने घेतलं, ते घेतलंच. ते परत करायला हवं, पैन् पै." त्याने राजाकडे पाहिले, आणि राजाने मान खाली घातली. "पण शीग ही देणाऱ्याच्या हाताची असते. ती मागून घेता येत नाही. आणि अट घालून तर मुळीच नाही. आजवर जेवढी शीग आम्ही मागून घेतली, तेवढी मुद्दलात धरली पाहिजे. तशी धरली तर उरेल ते या राज्याला तळं न देता फेडता येईल. मी आणि आचार्यांनी हिशेब करून पाहिलाय."

"श्रेणी हे मानणार नाही."

"कदाचित नाही मानणार."

बल्लव जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, तळं आलं तर त्यातला दहावा हिस्सा परीक्षकाचा. तुझ्या नातवंडांना हात हलवावा लागणार नाही. आणि मुद्रा न उमटवता गेलास तर तुझं घर बुडालं म्हणून समज."

"माझे पूर्वज त्या पंगतीला बसले नसते, तर आज बुडायला घरच नसतं," अनुराध म्हणाला. त्याने मुद्रेची अंगठी बोटातून काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. चौरंगावरची लाख हळूहळू घट्ट झाली.

राजाने विचारले, "आम्ही काय करायचं?"

"मी परत येईपर्यंत किल्ल्या तुमच्याजवळ ठेवा, महाराज. आणि जमलं तर एखादी चूल पेटवा."

"धान्य आणायचं कुठून?"

"तुमचे हत्ती युद्धाला किती वेळा गेले?"

"एकदाही नाही," राजा म्हणाला. "खातात मात्र रोज." तो जरा थांबला. "जंगलात लाकडं ओढायला लावले तर निदान आपल्या पोटापुरतं तरी कमावतील, आणि त्यांच्यावरचा खर्च चुलीला लागेल."

अनुराध त्याच आठवड्यात जहाजाने गेला.

मग वाट पाहणे आले, आणि गोभिलाइतके काळजीने वाट पाहणे कोणाला जमत नसे. अनुराधाला श्रेणीने हाकलले असेल. आदिपात्राच्या बुडाला काजळी नसेलच. लहान मुलाला अंधारात काहीही दिसते. प्रशस्तीतल्या त्या ओळी मागाहून कोणीतरी घातल्या असतील. अन्नछत्राची पहिली चूल पेटली होती, पूर्व दरवाज्यावर पुन्हा पंगत बसू लागली होती, आणि आपल्या एका शंकेवर एवढी माणसे जेवत आहेत, या विचाराने तो अस्वस्थ होई. जहाजे येईनाशी झाली. मीठ महाग झाले. बाजारात लोक त्याच्याकडे पाहून बोलायचे थांबत.

"मी चुकलो असेन तर?" तो धारिणीला विचारी.

"तर मिठावाचून जेवू," धारिणी म्हणे. "पाणी तर आपलंच आहे ना? आधी जेवा."

पुढच्या सुगीच्या तोंडावर घाटाला एक लहान जहाज लागले. गोभिल काठी टेकत गेला. अनुराध उतरला, तो जाड्याभरड्या वस्त्रात होता. त्याच्या हातात अंगठी नव्हती. त्याच्यामागून खलाशी एका मोठ्या दांड्याला काहीतरी गोणपाटात बांधून आणत होते, आणि दांडा मध्यभागी वाकला होता.

वाटेने चालता चालता त्याने सांगितले. त्याने भर सभेत हार बाजूला काढून आदिपात्र उपडे घातले होते. एवढी वर्षे त्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी दुसऱ्या कोणीही त्याचे बूड पाहिले नव्हते. काही जण रागावले, काही हसले. सगळ्यांत वृद्ध श्रेष्ठी वृषाक्ष उठून जवळ आला, आणि काजळीला बोट लावून ते बोट बराच वेळ पाहत राहिला. शेवटी निम्म्या सावकारांनी शीग मुद्दलात धरायचे मान्य केले. बाकीचे अडून बसले.

"मग?" गोभिलाने विचारले.

"त्यांचं मी श्रेणीतल्या माझ्या हिश्शातून चुकवलं. हत्ती आणि महाल तेवढे राहिलेत. ते महाराजांनी सावकाश फेडावेत, शिगेवाचून. जहाजं आता येतील."

"तुमच्याजवळ काय राहिलं?"

"श्रेणीतून निघताना एक वस्तू मागता येते. मी हा हंडा मागितला. त्यांना आता तो डोळ्यांसमोर नकोच होता."

अन्नछत्रात पंगत उठायची वेळ होती. उष्टे हात घेऊन लोक कडेला उभे राहिले. खलाशांनी गोणपाट सोडले आणि हंडा उचलून सातव्या चुलीवर ठेवला. तो जरा डगमगला. अनुराधाने काठाला धरून तो किंचित फिरवला, तेव्हा बुडाच्या तीन स्वच्छ जागा तीन दगडांवर बरोबर बसल्या आणि हंडा हलायचा थांबला. गोभिलाने खाली वाकून पाहिले. मग उठून दुसऱ्या बाजूने वाकून पाहिले. त्यानंतर मात्र त्याने पाहिले नाही.

धारिणी पुढे होऊन हंड्यात डोकावली. तळाशी, एका कापडावर, दोन ओंजळी मीठ होते.

"हे कशाला, भाऊ?" तिने विचारले.

"वहिनी," अनुराध म्हणाला, "रिकामा कसा आणायचा?"

बुद्धत्व मिळालेल्या शास्त्यांनी, म्हणजे गुरूंनी, ही कथा सांगितली, तेव्हा जेतवनात सायंकाळ झाली होती. एका वृद्ध भिक्खूने त्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणून काही तरुण भिक्खू हसले होते. कथा संपल्यावर कोणी हसले नाही. शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा सोमक म्हणजे आजचा भिक्खू आनंद. कोषागारातला बल्लव म्हणजे संघाचे धान्य मोजून देणारा हा भिक्खू. आता तो मोजता मोजता थांबून, कोणाला कमी पडले का, असे विचारतो. धारिणी म्हणजे आज सकाळी तुमच्या पात्रांत भात वाढून वर चिमूटभर तीळ घालणारी उपासिका. आचार्य गोभिल म्हणजे मागे बसलेला हा वृद्ध भिक्खू, ज्याला तुम्ही हसलात. आणि परीक्षक अनुराध मी स्वतः होतो. त्या जन्मात मी हिस्सा सोडला म्हणून कोणी त्याला दान म्हणतील. ते होतेच. पण ज्यावर सगळे हात ठेवतात त्याचे बूड पाहावेसे मला वाटले, आणि पाहिल्यावर ते मी झाकून ठेवले नाही. म्हणून त्या जन्मी मी पूर्ण केली ती प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."